शुगर असलेल्यांनी हार्टसाठी आल्याच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

"ताई, त्या आल्याच्या कॅप्सूल आहेत का, हार्टसाठी असतात त्या?" हे हल्ली आमच्या काउंटरवर इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढते. सदाशिव पेठेत आमचं मेडिकल आहे, बी.फार्म झाल्यापासून मी तिथेच बसते, आणि विचारणारे बहुतेक सगळे पन्नाशी-साठीचे, टाइप टू डायबेटीसवाले, हातात मोबाईल आणि मोबाईलवर फॉरवर्ड आलेला मेसेज, की आलं म्हणजे निसर्गाने दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी, रोज दोन घ्या, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी उतरते, नसा मोकळ्या होतात वगैरे. माझे वडील शुगरचे पेशंट होते आणि गेले ते हार्टने, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता दुकानाचा नाहीये.

जे म्हणायचंय ते आधीच सांगते, पुढचं वाचायला वेळ नसेल तरी चालेल. आल्याने शुगरचे आणि चरबीचे आकडे थोडेफार खाली येऊ शकतात, पण त्याने हार्ट अ‍ॅटॅक टळतो असं आजवर कुणीही दाखवलेलं नाही, आणि ज्या गोळ्यांनी तो टळतो हे हजारो पेशंटवर सिद्ध झालंय त्या गोळ्या तुमच्या घरात आधीच पडलेल्या असतात. आलं खा, मनापासून खा, पण त्याच्या भरवशावर त्यातली एकही गोळी बंद करू नका.

आता थोडं खोलात. आल्यावर संशोधन झालेलंच नाही असं नाही, बरंच झालंय, आणि त्यातलं पुष्कळसं इराणमधलं आहे. 2014 साली तिथल्याच डॉक्टरांनी टाइप टूच्या 70 पेशंटवर केलेला अभ्यास आला, निम्म्यांना रोज 1600 मिलिग्रॅम सुंठ पावडर कॅप्सूलमध्ये भरून आणि निम्म्यांना तेवढंच गव्हाचं पीठ, 12 आठवडे. सुंठवाल्यांची उपाशीपोटीची शुगर कमी झाली, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर कमी झाली, ट्रायग्लिसराइड आणि एकूण कोलेस्टेरॉल कमी झालं, सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, तोही उतरला. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्यात मात्र फरक नाही. आणि त्याच्या वर्षभर आधी, 2013 मध्ये, इराणमधलाच दुसरा अभ्यास, 64 पेशंट, रोज 2 ग्रॅम, दोन महिने, तिथे ट्रायग्लिसराइड उतरलं पण बाकी उलटं, एलडीएल उतरला आणि उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी होती तिथेच. म्हणजे एकाच देशात, एकाच आजाराच्या पेशंटवर, जवळपास त्याच डोसने केलेल्या दोन अभ्यासांत शुगर एकात उतरते दुसऱ्यात नाही, एलडीएल दुसऱ्यात उतरतो पहिल्यात नाही. असं झालं की समजायचं, परिणाम असलाच तर छोटा आहे आणि पेशंट कमी असल्यामुळे तो कधी दिसतो कधी दिसत नाही.

आपल्याकडचाही एक जुना अभ्यास आहे, 1997 चा, हृदयरोग्यांवर केलेला. रोज 4 ग्रॅम सुंठ, तीन महिने, आणि ना चरबीत फरक ना शुगरमध्ये. पण त्याच अभ्यासात एकदम 10 ग्रॅमचा डोस दिल्यावर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटायचं प्रमाण कमी झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बरं, मेसेजमध्ये भर ट्रायग्लिसराइडवर का असतो तेही सांगते, कारण हे पुण्याशी जोडलेलं आहे. आपली माणसं दिसायला बारीक पण पोटाशी चरबी, हा प्रकार जगापुढे नीट मांडला तो आपल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. मी हे काउंटरवर कितीतरी लोकांना सांगते, कारण "मी तर काटक आहे, रोज तळजाईला चालायला जातो, मला कसलं हार्टचं" हे वाक्य फार ऐकायला मिळतं. आपल्याकडच्या शुगरवाल्यांच्या रिपोर्टमध्ये ठरलेलं चित्र असतं, ट्रायग्लिसराइड वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल खाली, आणि एलडीएल कधीकधी फार वाढलेलाही नसतो, त्यामुळे माणूस ट्रायग्लिसराइडखालची लाल रेघ बघून तेच खाली आणायच्या मागे लागतो, आणि आलं नेमकं तेच करतं असा मेसेज आला की पटकन पटतं.

पण इथेच खरी गंमत आहे, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. ट्रायग्लिसराइड खाली आणलं की हार्ट वाचतं का, हे खूप मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय. प्रॉमिनंट नावाचा अभ्यास, 2022 मध्ये निकाल आला, टाइप टूचे 10,497 पेशंट, ट्रायग्लिसराइड वाढलेले, एचडीएल कमी असलेले, म्हणजे थेट आपल्या रिपोर्टसारखेच. त्यातल्या निम्म्यांना पेमाफायब्रेट नावाचं औषध दिलं, ट्रायग्लिसराइड 26 टक्क्यांनी उतरले, आणि हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक, हार्टने मृत्यू यात काडीचाही फरक पडला नाही. एवढं जोरदार औषध, दहा हजार माणसं, रिपोर्ट सुंदर, आणि हार्टला उपयोग शून्य. त्यापुढे साठ-सत्तर जणांवर दोन-तीन महिने आलं देऊन ट्रायग्लिसराइड थोडं उतरलं, याचा अर्थ हार्ट सुरक्षित झालं असा कसा काढायचा? आल्याच्या यातल्या कुठल्याच अभ्यासात अ‍ॅटॅक मोजलेले नाहीत, मोजणं शक्यही नव्हतं, इतक्या थोड्या माणसांत इतक्या थोड्या दिवसांत मोजायला अ‍ॅटॅक येणार तरी किती.

आता दुसरी बाजू बघा. कार्ड्स नावाचा अभ्यास, 2004 साली छापून आला, ब्रिटन आणि आयर्लंडमधले टाइप टूचे 2,838 पेशंट ज्यांना आधी कधी हार्टचा त्रास नव्हता, आणि ज्यांचा एलडीएलही फार वाढलेला नव्हता. त्यातल्या निम्म्यांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, फक्त 10 मिलिग्रॅम, ती छोटीशी पांढरी गोळी. अ‍ॅटॅक, स्ट्रोक वगैरे मोठ्या घटना 37 टक्क्यांनी कमी, आणि फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्याच्या जवळपास दोन वर्षं आधीच थांबवला, कारण बाकीच्यांना खोटी गोळी देत राहणं बरोबर दिसेना. शुगरच्या पेशंटला "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे तरी डॉक्टरांनी गोळी का लिहिली" असा प्रश्न पडतो ना, त्याचं उत्तर हे आहे. ती गोळी रिपोर्ट सुधारायला नसते, हार्ट वाचवायला असते.

आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी, तिचा 2015 चा एम्पा-रेग अभ्यास, 7,020 पेशंट, सगळे शुगरवाले आणि हार्टचा त्रास असलेले, त्यात हार्टने होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी कमी झाले. ही गोळी पूर्वी साठेक रुपयांना एक पडायची, डॉक्टरांनी लिहून दिली तरी लोक महिन्याचा हिशोब करून परत ठेवायचे, मला ते बघून फार वाईट वाटायचं. मार्च 2025 मध्ये पेटंट संपलं आणि आता दहा-पंधरा रुपयांच्या आसपास मिळते, काही कंपन्यांची त्याहूनही स्वस्त. ज्यांनी तेव्हा पैशांमुळे नाही म्हटलं होतं त्यांनी आता डॉक्टरांना परत विचारा, हे मी येईल त्याला सांगते.

मला ज्यामुळे हे लिहावंसं वाटलं त्या आमच्या मागच्या सोसायटीतल्या काकू. शुगर बरीच वर्षं, स्टेंट टाकलेला, शुगरच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि क्लोपिडोग्रेल. दर महिन्याला येतात, पिशवीतून जुन्या स्ट्रिपा काढून काउंटरवर ओळीने मांडतात आणि संपलेल्या तेवढ्याच मागतात. एकदा ओळीत अ‍ॅटोरव्हास्टॅटिन नव्हती. मी म्हटलं काकू, ही संपली नाही का? तर म्हणाल्या, "अगं ती आता नको, आल्याच्या मागवल्यात ऑनलाइन, त्यात तेच असतं, आणि साइड इफेक्ट नाही." मी बाटली बघायला मागितली. दुसऱ्या दिवशी घेऊन आल्या. पुढे मोठ्या अक्षरात हृदयाचं चित्र, मागे बारीक अक्षरात एका कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅम आलं, आणि त्याहून बारीक अक्षरात, हे औषध नाही, कुठल्याही रोगाच्या उपचारासाठी नाही. ते बारीक अक्षर त्यांना चष्मा लावूनही वाचता येईना, मी वाचून दाखवलं. मग मी म्हटलं काकू, एकदा लिपिड प्रोफाइल करा आणि डॉक्टरांकडे जा, जाताना ही बाटली पिशवीत टाका. एलडीएल, जो स्टेंटनंतर 70 च्या आत ठेवलेला होता, तो 130 च्या पुढे गेला होता. डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन त्याच दिवशी परत सुरू केली आणि कॅप्सूल बंद केल्या, कारण वर सांगितलं ते प्लेटलेटचं. क्लोपिडोग्रेल प्लेटलेट चिकटू देत नाही, त्यात आल्याचा मोठा डोस वरून घातला तर रक्त वाहायचा धोका वाढू शकतो. काकूंना राग आला होता, माझ्यावर नाही, त्या बाटलीवर. सहाशे रुपये गेले याचा नाही, "हृदयाचं चित्र काढायला यांना लाज कशी वाटत नाही" याचा.

खरं तर आपल्याकडे 1954 पासून कायदा आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज, त्यात डायबेटीस आणि हृदयरोग बरा करतो अशी जाहिरातच करायला बंदी आहे. पण सप्लिमेंटवाले "हार्ट हेल्थला सपोर्ट" असं म्हणून निसटतात, आणि सप्लिमेंट हे अन्न म्हणून विकलं जातं, औषध म्हणून नाही, त्यामुळे औषधाला विकायच्या आधी जे सिद्ध करून दाखवावं लागतं ते यांना लागत नाही. ग्राहकाला हा फरक कोण सांगणार, दुकानात दोन्ही एकाच शेल्फवर उभे असतात.

तरीही ज्यांना घ्यायचंच आहे, आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय, त्यांच्यासाठी थोडा हिशोब. शुगरवाल्यांवरच्या बहुतेक अभ्यासांमध्ये रोज दीड ते तीन ग्रॅम सुंठ पावडर होती. दोन ग्रॅम म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलने तो डोस गाठायला दिवसाला चार लागतात, म्हणजे साठची बाटली पंधरा दिवसांत संपली, महिन्याला बारा-तेराशे रुपये. तेवढीच सुंठ किराणा दुकानातून आणून घरी कुटली तर महिन्याला साठ ग्रॅम, पन्नासेक रुपयांचं काम. आणि सुंठ काही ओल्या आल्यापेक्षा कमी नाही, आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट घटकाचं काही प्रमाणात शोगाओल होतं, ते जास्त तिखट, म्हणून सुंठ घशाला जास्त झोंबते. चुना लावलेली पांढरीफेक सुंठ घेऊ नका, मातकट रंगाची घ्या. लेबलवर "एक्स्ट्रॅक्ट" लिहिलं असेल तर ते पावडरपेक्षा वेगळं, अर्क काढून घट्ट केलेलं असतं, त्याला हा चमचाचा हिशोब लावू नका.

एक मात्र पुण्यात राहून सांगायलाच हवं. "मी आलं भरपूर घेतो" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे लोक अमृततुल्यच्या चहातून घेतात. चहा छानच असतो, मलाही आवडतो, पण त्या पातेल्यात आलं किती आणि साखर किती ते उकळताना एकदा बघा. आलेपाकाचंही तेच, खोकल्याला म्हणून डबीत ठेवतात आणि येताजाता एकेक वडी तोंडात, ती आल्याची चव असलेली साखर आहे हो. शुगरवाल्याने आलं खायचं तर भाजीत, आमटीत, कोशिंबिरीत किसून, लिंबू-मीठ लावून जेवणाआधी चार तुकडे, बिनसाखरेच्या चहात. एवढ्या आल्याने कुणाचं काही बिघडत नाही, स्वयंपाकातल्या आल्याबद्दल मी इथे एक शब्दही वाईट बोलत नाहीये.

मोठ्या डोसने मात्र काहींनी अगदी जपून. वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तर नकोच, आल्यासोबत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय तो आकडा, वाढून रक्तस्राव झाल्याच्या केसेस नोंदवलेल्या आहेत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर अचानक उतरून हातपाय थरथरणे, घाम येणे होऊ शकतं, त्यामुळे सुरू केलंच तर घरच्या मशीनवर जरा जास्त वेळा बघा. पित्ताशयात खडे असतील, छातीत जळजळ होत असेल, तर त्रास वाढतो. आणि कुठलंही ऑपरेशन, अगदी दाढ काढायची असली तरी, डॉक्टर "कुठल्या गोळ्या चालू आहेत" विचारतात तेव्हा या कॅप्सूलचं नाव घ्या. लोक घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनही शुगरसाठी म्हणून वनस्पतींची आणि मसाल्यांची सप्लिमेंट घ्या असं सुचवत नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते या सगळ्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं, ते कॅप्सूलबद्दल नाहीच. बरीच वर्षं शुगर असली की नसा बधिर होतात, पायाच्या होतात तशा हार्टकडच्याही, आणि मग अ‍ॅटॅक आला तरी छातीत ती जोरदार कळ येत नाही. नुसतं दम लागल्यासारखं, घाम, मळमळ, पोट फुगल्यासारखं, ढेकर. आणि आपल्याकडे ढेकर आली, पोट फुगलं की पहिला उपाय काय, आल्याचा रस, लिंबू आणि सैंधव. गेल्या उन्हाळ्यात एक काका दुपारी दुकानात आले, गॅसची गोळी द्या म्हणाले, सकाळपासून दोनदा आल्याचा रस घेतलाय तरी मोकळं वाटत नाही. उन्हाळा होताच पण त्यांचा शर्ट पाठीला पूर्ण चिकटलेला, आणि कपाळावरचा घाम पुसला की लगेच परत येत होता, काउंटरची काच धरून उभे होते. ते शुगरच्या गोळ्या आमच्याकडूनच नेतात म्हणून मला माहीत होतं. मी गोळी दिली नाही, खुर्ची दिली, आमच्या पोऱ्याला रिक्षा आणायला पाठवलं आणि त्यांच्या मुलाला फोन केला. ईसीजीत अ‍ॅटॅकच निघाला. वेळेत पोचले, अँजिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत.

तर शुगर असलेल्या माणसाला कधी न येणारा असा गॅस आला, सोबत घाम किंवा दम असला, जबडा-खांदा-हात जड वाटला, तर आलं किसत बसू नका. 108 ला फोन करा, गाडी यायला उशीर होणार असेल तर शेजाऱ्याला उठवा, मिळेल त्या वाहनाने जिथे ईसीजी होतो अशा जवळच्या हॉस्पिटलला जा, स्वतः गाडी चालवू नका. ईसीजीला पाच मिनिटं लागतात आणि गॅसच निघाला तर घरी येऊन आल्याचा रस घेता येतो.